रांगेचा हिशेब मांडणारा माणूस

अर्लांग हे नाव आपल्या टेलिकॉमच्या पुस्तकात येतं ते टेलिफोन ट्रॅफिकचं एकक म्हणून. व्याख्या दोन मार्कांची. मी ती पाठ केली, पेपरात लिहिली आणि विसरून गेले. व्होल्ट, ॲम्पियर, ओहम यांच्यासारखाच हाही कोणी हाडामांसाचा माणूस असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. त्या माणसाची खरी ओळख झाली ती दिवाळीच्या सुट्टीत, अकोल्याला, एका जुन्या स्कॅनरमुळे.

झालं असं. माझे आजोबा अकोल्याच्या कापूस बाजारात मापाडी होते. काट्यावर कापूस मोजायचा आणि वहीत मांडायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. शिवाय रोज किती गाड्या आल्या, किती मोजून झाल्या, किती रात्री मुक्कामाला राहिल्या, हे ते स्वतःच्या समाधानासाठी वेगळ्या वह्यांमध्ये लिहून ठेवायचे. त्या वह्यांचा कागद आता इतका जीर्ण झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो. आजोबांची नजरही कमी झालीय. पानं स्कॅन करून संगणकावर मोठी करून दाखवीन, म्हणजे तुम्हाला पुन्हा वाचता येतील, असं मी त्यांना कबूल केलं. अट एकच होती. प्रत्येक पान काचेवर एकदाच ठेवायचं. दुसऱ्यांदा ठेवेपर्यंत ते टिकेल याची खात्री नव्हती.

स्कॅनर मिळाला तो काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात धूळ खात पडलेला, स्कझी कार्डावर चालणारा. नव्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर मिळेना. म्हणून एका जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं आणि सेन या मुक्त प्रकल्पाच्या आधाराने स्वतःच ड्रायव्हरचा प्रोग्राम जुळवायला बसले. आधी रद्दीतल्या कागदांवर प्रयोग केले. एका झटक्यात २५६ किलोबाईट मागितले, तर मेमरी नाही म्हणून कर्नलने सरळ नकार दिला. पीसीत दोन गिगाबाईट रॅम असताना! शोधल्यावर कळलं की या मार्गासाठी कर्नल मुळात ३२ किलोबाईटचाच बफर राखून ठेवतो. ए-फोर पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलं तर एका ओळीत २४८० ठिपके, प्रत्येकाचे तीन बाईट, म्हणजे ओळीला ७४४० बाईट. ३२ किलोबाईटमध्ये जेमतेम चार ओळी मावतात. आणि पूर्ण पानाच्या ओळी ३५०८!

मग मी मागणी ३२ किलोबाईटवर आणली. स्कॅनर सुरू झाला, पण थोडा चालायचा, थांबायचा, जरा मागे सरकायचा आणि पुन्हा पुढे निघायचा. जिथे थांबला तिथे चित्रात बारीक जोड दिसायचा. असा जोड एखाद्या आकड्याच्या मधोमध आला तर तीनचा आठ झाला तरी कळणार नाही. मी खटपट करून मर्यादा १२८ किलोबाईट केली. आता सतरा ओळी मावू लागल्या. स्कॅनर आधीपेक्षा थोडा उशिरा थांबू लागला, पण थांबायचं काही सोडेना.

आजोबा खुर्चीत बसून हे सगळं पाहत होते. त्यांनी विचारलं, बफर म्हणजे काय. मला मराठी शब्द सुचेना. शेवटी सांगितलं की माल आलाय पण घेणारा रिकामा नाही, तर तेवढ्या वेळापुरती ठेवायची जागा. ते हसले आणि म्हणाले, म्हणजे जिनासमोरचं अंगण. मग वऱ्हाडी ठसक्यात सुनावलं की जिनाचा उरक वाढल्याशिवाय अंगण वाढवून काही उपेग नाही.

सुट्टी संपल्यावर अमरावतीला आले आणि ही गंमत आमच्या सरांना सांगितली. सर म्हणाले की रांगेचा हा प्रश्न एका डॅनिश माणसाने शंभर वर्षांपूर्वीच गणितात मांडलाय आणि त्याचं नाव तू पेपरात लिहिलेलंही आहेस. तेव्हा कुठे मी अर्लांग यांचं चरित्र शोधून वाचलं.

आग्नर क्रारुप अर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कमधल्या युटलंड भागात, लोनबोर्ग या खेड्यात झाला. वडील हान्स नील्सन अर्लांग गावच्या शाळेचे मास्तर आणि चर्चचे कारकून. आई माग्डालेने क्रारुप घराण्यातली. तिच्या दूरच्या पूर्वजांमध्ये थॉमस फिंके नावाचा गणितज्ञ होऊन गेला. त्रिकोणमितीतले टॅन्जंट आणि सीकंट हे शब्द १५८३ साली याच फिंकेने वापरात आणले. म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या डोकेदुखीत या घराण्याचा थोडा वाटा आहे!

घरची परिस्थिती बेताची होती. आग्नर आणि त्याचा मोठा भाऊ फ्रेडरिक यांना वाचनाचं वेड. दोघांत पुस्तक एक असलं की भाऊ सरळ बाजूने वाचायचा आणि आग्नर समोर बसून तेच पान उलट्या बाजूने वाचायचा. आकाशातले तारे बघायचा त्याला खूप नाद होता, त्यावर तो कविताही करायचा. मास्तरच्या घरातच शिक्षण झालं आणि वयाच्या चौदाव्या वर्षी तो कोपनहेगनला विद्यापीठाच्या प्राथमिक परीक्षेला बसला. वय कमी पडत होतं म्हणून खास परवानगी काढावी लागली. परीक्षा विशेष गुणवत्तेने पास झाली. पण पुढे लगेच शिकायचं तर पैसे कुठून आणायचे? चौदा वर्षांचा हा मुलगा गावी परतला आणि दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत मास्तरकी करू लागला.

१८९६ साली शिष्यवृत्ती मिळाली आणि अर्लांग कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाले. १९०१ मध्ये एम.ए. झाले. मुख्य विषय गणित, जोडीला खगोलशास्त्र, पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र. पुढची सात वर्षं त्यांनी वेगवेगळ्या शाळांमध्ये शिकवलं. शिकवायचे चांगलं, पण मन संशोधनात होतं. १९०४ साली विद्यापीठाने ठेवलेल्या एका स्पर्धेत त्यांनी हायगन्सच्या गणितावर निबंध लिहिला आणि त्याची दखल घेतली गेली. स्वभावाने अत्यंत अबोल. चारचौघांत बोलण्यापेक्षा ऐकण्यात आणि बघण्यात रमणारे. मित्रांनी त्यांना खाजगी माणूस असं टोपणनावच ठेवलं होतं.

डॅनिश गणितज्ञांच्या मंडळाच्या बैठकांना ते नियमित जायचे. तिथे त्यांची गाठ योहान येन्सन यांच्याशी पडली. येन्सन म्हणजे गणितात ज्यांची असमानता प्रसिद्ध आहे तेच. गंमत म्हणजे हे येन्सन पोटापाण्यासाठी कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य अभियंता होते आणि गणित फावल्या वेळात करायचे. कंपनीचे संचालक योहान्सन यांनाही टेलिफोनच्या रांगा गणिताने समजून घ्यायच्या होत्या. येन्सन यांनी हा शांत शाळामास्तर त्यांच्यापुढे उभा केला. १९०८ साली, तिसाव्या वर्षी, अर्लांग टेलिफोन कंपनीत रुजू झाले.

प्रश्न काय होता? गावात हजारो टेलिफोन, पण एका एक्स्चेंजपासून दुसऱ्या एक्स्चेंजपर्यंत तारा मोजक्या. सगळे एकाच वेळी बोलत नाहीत, म्हणून हजार तारा टाकणं म्हणजे पैसा पाण्यात. पण फार कमी टाकल्या तर माणूस फोन उचलून बसून राहणार. मग नेमक्या किती?

आपल्या आईबाबांच्या पिढीला हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागला नाही. भारतात एसटीडी १९६० साली कानपूर-लखनौमध्ये सुरू झाली आणि पुढे गावोगावी तिचे बूथ निघाले. बाबा सांगतात की अमरावतीच्या होस्टेलवरून अकोल्याला घरी फोन लावायचा तर बूथमध्ये उभं राहून नंबर फिरवायचा आणि या मार्गावरच्या सर्व लाईन्स व्यस्त असल्याचं एक बाई पुन्हा पुन्हा ऐकवायची. रात्री उशिरा दर उतरायचे, तेव्हा बूथसमोर रांग लागायची. लाईन्स किती असाव्यात याचं उत्तर चुकलं की त्याची किंमत असं ताटकळत उभं राहून मोजावी लागते.

कंपनीत अर्लांग यांना सुरुवातीला मदतनीसच नव्हते. त्यामुळे केबलमधून भरकटणारे विद्युतप्रवाह मोजायला ते स्वतः जायचे. मागे शिडी घेतलेला एक कामगार, पुढे हे, आणि रस्त्यातलं मॅनहोल दिसलं की शिडी लावून आत उतरायचं, असं दृश्य कोपनहेगनच्या रस्त्यांवर नेहमी दिसे. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटला तो इथे. ज्याचं गणित जगभर गेलं, त्याने आधी मॅनहोलमध्ये उतरून मोजमाप केलं होतं.

१९०९ साली त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध आला, संभाव्यता आणि टेलिफोन संभाषणं यांवर. त्यात त्यांनी दाखवलं की लोक एकमेकांना न विचारता आपापल्या मर्जीने फोन करतात, तेव्हा येणारे कॉल पॉयसाँचा नियम पाळतात. सोप्या भाषेत सांगायचं तर, सरासरी मिनिटाला एक कॉल असला तरी प्रत्येक मिनिटाला एकच येत नाही. कधी पाच मिनिटं शुकशुकाट, तर कधी एकाच मिनिटात चार. हा जो घोळका होतो तो कोणाची चूक नसून यदृच्छेचा स्वभावच आहे. सरासरीवर विसंबून तारा टाकल्या तर घोळका आला की गाडं अडणारच.

१९१७ साली त्यांनी याचं पूर्ण सूत्र दिलं. विचार सुंदर आहे. समजा, आत्ता तीन लाईन्स व्यस्त आहेत. नवा कॉल आला की चार होतात, चारांपैकी एक संपला की पुन्हा तीन. बराच वेळ हे चालू राहिलं की तीनवरून चारवर जाण्याचं प्रमाण आणि चारवरून तीनवर येण्याचं प्रमाण सारखं होतं. या समतोलातून सगळ्या लाईन्स भरलेल्या असण्याची शक्यता काढता येते.

आकडे टाकून बघा. तासाला ४० कॉल, प्रत्येक सरासरी ३ मिनिटांचा. एकूण १२० मिनिटांचं बोलणं, म्हणजे २ अर्लांग. साध्या हिशेबाने दोन लाईन्स पुरायला हव्यात. पण अर्लांग यांचं सूत्र सांगतं की दोन लाईन्स ठेवल्या तर १०० पैकी ४० जणांना लाईन मिळणारच नाही. चार ठेवल्या तर साधारण साडेनऊ जणांना मिळणार नाही. सहा ठेवल्या तर जेमतेम एकाला. वाट बघायची सोय असेल तर किती थांबावं लागेल, याचंही सूत्र त्यांनी त्याच निबंधात दिलं. इंग्लंडच्या पोस्ट खात्याने त्यांचं सूत्र स्वीकारलं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतला एक संशोधक त्यांचे निबंध मुळातून वाचता यावेत म्हणून डॅनिश शिकला, असंही सांगतात.

आता परत माझ्या स्कॅनरकडे येते. अर्लांग यांचं सूत्र त्याला जसंच्या तसं लागू पडत नाही. टेलिफोनचे कॉल वाट्टेल तेव्हा येतात, पण स्कॅनरच्या ओळी शिस्तीत, एकसारख्या वेगाने येतात. इथे बेशिस्त आहे तो घेणारा. पीसीला शंभर कामं असतात, माझा प्रोग्राम त्यातलं एक. पण अर्लांग यांनी विचारलेला प्रश्न मात्र इथेही तोच आहे. जागा किती मोठी, हे नंतर. येणाऱ्याचा वेग किती, जाणाऱ्याचा किती आणि त्यात चढउतार किती, हे आधी.

मी वेग मोजले तेव्हा चूक लख्ख दिसली. माझा प्रोग्राम एक तुकडा वाचायचा, लगेच तो कॉम्प्रेस करायचा, डिस्कवर लिहायचा आणि मग पुढचा तुकडा मागायचा. तेवढ्यात मागे कर्नलचा बफर भरून जायचा. स्कॅनर बिचारा थांबायचा. त्याच्या मोटरला पुन्हा वेग घ्यायला थोडं अंतर लागतं, म्हणून तो मागे सरकायचा. थोडक्यात, काट्यावरच्या माणसानेच गाठी बांधायला घेतल्या होत्या आणि गाड्या बाहेर उभ्या होत्या.

कर्नल बफर लहान का ठेवतो, हेही मग पटलं. ती जागा सगळ्या यंत्रणेच्या सामाईक मेमरीतली असते, काम चालू असताना ती डिस्कवर हलवता येत नाही आणि मोठा सलग तुकडा दरवेळी मिळेलच असं नाही. एकाच स्कॅनरने ती अडवून ठेवली तर बाकीच्यांनी काय करायचं? यूएसबीवरच्या स्कॅनरलाही असंच बंधन आहे. तिथे लिनक्स अशा सगळ्या प्रोग्राम्सना मिळून मुळात १६ मेगाबाईट देतं.

शेवटी मी तीन गोष्टी केल्या. पहिली, मर्यादा किती आहे ते प्रोग्रामने कर्नललाच विचारायचं आणि तेवढ्यात मावतील तेवढ्या पूर्ण ओळीच मागायच्या, अर्धवट ओळ नाही. दुसरी, वाचणारा आणि साठवणारा हे दोन वेगळे धागे केले. वाचणाऱ्याने फक्त कर्नलकडून तुकडा उचलायचा, प्रोग्रामच्या स्वतःच्या मेमरीत टाकायचा आणि लगेच पुढचा मागायचा. ३०० डीपीआयचं पूर्ण रंगीत पान साधारण २६ मेगाबाईटचं असतं. प्रोग्रामच्या मेमरीत ते आरामात मावतं, कॉम्प्रेस मागाहून निवांत करता येतं. तिसरी, ६०० डीपीआयचा हट्ट सोडला. त्यात पान १०० मेगाबाईटच्या वर जातं आणि वहीतले आकडे ३०० मध्येही स्वच्छ दिसतात. मर्यादा परत ३२ किलोबाईटवर आणली आणि स्कॅनर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत न थांबता गेला. अंगण तेवढंच होतं, फक्त उरक वाढला होता.

अर्लांग यांनी लग्न केलं नाही. काम आणि पुस्तकं हाच त्यांचा संसार. गरजू लोक त्यांना थेट प्रयोगशाळेत येऊन भेटायचे आणि ते कोणाला कळू न देता मदत करायचे. जवळजवळ वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आजारपणाची रजा घेतली नाही. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या दुखण्यासाठी त्यांना पहिल्यांदाच इस्पितळात जावं लागलं, आणि ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, अवघ्या ५१ व्या वर्षी, ते गेले.

मोठा मान मिळाला तो नंतर. १९४६ साली टेलिफोन ट्रॅफिकच्या आंतरराष्ट्रीय एककाला त्यांचं नाव दिलं गेलं. १९४८ मध्ये कोपनहेगनहून त्यांचं चरित्र आणि निबंध एकत्र प्रसिद्ध झाले. १९८६ च्या सुमारास एरिक्सन कंपनीत एक प्रोग्रामिंग भाषा तयार झाली, तिचंही नाव अर्लांग. व्हॉट्सॲपची सर्व्हर यंत्रणा याच भाषेवर उभी राहिली. म्हणजे ज्या माणसाला चारचौघांत बोलायला नको वाटायचं, त्याच्या नावाच्या भाषेतून आपण दिवसभर गप्पा मारत असतो.

पुढच्या सुट्टीत मी अकोल्याला जाऊन आजोबांची पहिली वही स्कॅन केली. प्रत्येक पान एकदाच काचेवर ठेवलं, एकही जोड आला नाही. आजोबांनी स्क्रीनवर बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. एका तारखेला मोजक्या गाड्या, दुसऱ्या तारखेला पान भरून खाली समासात लिहिलेल्या. मी त्यांना पॉयसाँ आणि अर्लांग यांची गोष्ट सांगितली. पण तुमच्या गाड्यांना ते सूत्र चालेल की नाही सांगता येणार नाही, असंही म्हटलं, कारण भाव वाढल्याची बातमी आली की सगळे एकदम निघतात. ते लगेच म्हणाले की हो, आणि पावसाचं चिन्ह दिसलं तरी निघतात. मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. त्या रात्री जिन बंद पडलं होतं आणि लोक गाडीखाली झोपले होते, थंडी फार होती. वहीत मात्र फक्त मुक्कामाच्या गाड्यांचा आकडा होता.

अर्लांग यांच्या सूत्रातही फक्त आकडाच असतो. पण मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या आणि दाराशी आलेल्या गरजूला गुपचूप मदत करणाऱ्या त्या माणसाला, रांगेत आकड्यामागे कोणीतरी उभं असतं, हे नक्की माहीत असणार. आजोबांच्या अजून चार वह्या स्कॅन करायच्या राहिल्यात. परीक्षा झाली की पहिल्या गाडीने अकोला.